एकाच सरकारची दोन खाती, वादात अडकलेला माल: गोव्यातील कार्यालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक, जनरेटर, कपाटे, औषधे, वाहने, छापील नमुने, वीज, पाणी. सरकारी पैशातून आलेला माल नक्की कोणाचा, यावरून दोन कार्यालयांत पत्रांची फेरी सुरू झाली की माल खोलीत बंद होतो आणि ज्यांच्यासाठी तो आणला त्या लोकांची कामे अडतात. म्हणून ही उत्तरे स्टोअरकीपर, हेडक्लार्क, डीडीओ (बिले काढून पैसे वाटणारा अधिकारी) आणि खातेप्रमुख यांच्यासाठी लिहिली आहेत.

दोन खाती एकमेकांविरुद्ध कोर्टात जाऊ शकतात का?

नाही. खाते ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती नाही. संविधानाच्या कलम ३०० प्रमाणे दावा राज्याच्या नावाने होतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ७९ सांगते की सरकारचा किंवा सरकारविरुद्धचा दावा असेल तर पक्षकार म्हणून राज्याचेच नाव लागते. वादी गोवा राज्य आणि प्रतिवादीही गोवा राज्य, असा दावा उभाच राहू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये आंध्र प्रदेशच्या मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जिल्हाधिकारी या प्रकरणात हे स्पष्ट केले. तिथे वन खाते आणि महसूल खाते जमिनीवरून भांडत होते. खात्यांनी आपले वाद न्यायालयात आणू नयेत आणि राज्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पातळीवर ते मिटवण्याची यंत्रणा उभी करावी, असे न्यायालयाने सांगितले. वाद जमिनीचा होता, पण तत्त्व मालालाही तसेच लागू होते. त्यामुळे ‘आम्ही पर्वरीला हायकोर्टात जाऊ’ हे वाक्य एका खात्याने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रात घालू नये. त्याने काही साधत नाही, आणि पुढे फाईल वर गेली की तेच वाक्य आपल्याला अडचणीत आणते.

आमच्यासमोर खाते नाही, महामंडळ आहे. मग?

मग चित्र बदलते. कंपनी कायद्याखाली नोंदलेले महामंडळ, कायद्याने स्थापन केलेले मंडळ, ग्रामपंचायत, नगरपालिका यांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असते. कदंब वाहतूक महामंडळ, गोवा राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळ किंवा एखादी पंचायत आपल्या नावाने दावा लावू शकते आणि तिच्यावरही दावा लागू शकतो. शेअर सगळे सरकारचे असले तरी मालमत्ता कंपनीची असते. मंत्री तोच, सचिव तोच, म्हणून माल आपोआप एकाचा दुसऱ्याचा होत नाही. महामंडळाकडून खात्याकडे माल न्यायचा तर कागद लागतोच.

गोव्यात हा गोंधळ विजेच्या बाबतीत हमखास होतो. इतर अनेक राज्यांत वीज कंपनी किंवा मंडळ असते, आपल्याकडे वीज खाते हे सरकारचेच खाते आहे. त्यामुळे दुसऱ्या खात्याने वीज खात्यावर दावा लावण्याचा प्रश्नच येत नाही, महामंडळ मात्र लावू शकते. पत्रव्यवहार सुरू करण्याआधी समोरची संस्था खाते आहे, कंपनी आहे की वैधानिक मंडळ, हे तपासा. स्थापनेची अधिसूचना राजपत्रात मिळते.

माल कोणाचा, हे कशावरून ठरते?

ताब्यावरून नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘गेली सहा वर्षे आमच्याच खोलीत आहे’ हा हक्काचा पुरावा नाही. कागद या क्रमाने पाहावे लागतात.

सर्वात वर मंजुरी आदेश. त्यात खर्च कोणत्या कामासाठी मंजूर झाला हे लिहिलेले असते आणि तेच वाक्य बहुतेक वाद मिटवते. ‘जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी’ असे लिहिले असेल, तर माल संचालनालयाच्या गोदामात उतरला म्हणून तो संचालनालयाच्या कार्यालयीन वापराचा होत नाही.

मग लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात खर्च ज्या शीर्षाखाली टाकला ते. पैसे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्याच्या मागणीतून गेले, हे बिलावर आणि लेखा संचालनालयाकडे मंजूर झालेल्या प्रतीवर दिसते. एका खात्याने दुसऱ्यासाठी खरेदी केली असेल, तर निधी कोणी वळवला याचा आदेश शोधा.

त्यानंतर पुरवठा आदेश आणि त्यातला माल घेणारा, डिलिव्हरी चलन, आणि साठा नोंदवही. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये टिकाऊ वस्तूंसाठी नमुना २२ आणि संपणाऱ्या वस्तूंसाठी नमुना २३ आहे. ज्याच्या नोंदवहीत पान क्रमांकासह आवक आहे आणि जावक नाही, त्याची बाजू भक्कम. जावक असेल तर इंडेंट (मागणीपत्र) आणि इश्यू व्हाउचर (माल दिल्याची पावती) मागा. त्यावर ‘कायमस्वरूपी’ आहे की ‘तात्पुरत्या वापरासाठी’, हा एक शब्द निर्णायक ठरतो. तो शब्द कोणी लिहीतच नाही, आणि पाच वर्षांनी दोन्ही बाजू आपल्याला हवा तसा अर्थ लावतात.

अनुदानातून घेतलेल्या वस्तूंचे आणखी एक बंधन असते. पूर्णपणे किंवा मुख्यतः सरकारी अनुदानातून घेतलेली मालमत्ता, अनुदान मंजूर करणाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. त्यामुळे स्वायत्त संस्थेशी वाद असेल तर उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे नमुना १२-अची, प्रत काढा. ‘ही वस्तू अमुक कामासाठी वापरली’ असे त्या संस्थेनेच सही करून दिलेले असते.

जेमवर खरेदी आमच्या खात्याने केली, माल दुसऱ्या कार्यालयाने घेतला. आता ते पावतीच देत नाहीत.

जेमवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवर, खरेदीदार, माल घेणारा आणि पैसे देणारा या तीन वेगळ्या भूमिका आहेत. माल पोचल्यावर घेणाऱ्याने ४८ तासांत तात्पुरती पावती द्यायची असते आणि त्यानंतर १० दिवसांत तपासून स्वीकृतीचे प्रमाणपत्र द्यायचे किंवा माल नाकारायचा असतो. मुदतीत काहीच केले नाही तर प्रमाणपत्र आपोआप तयार होते आणि पैसे देण्याची जबाबदारी सुरू होते. मग १० लॅपटॉपच्या ऑर्डरमधले ८ च आले असले तरी कागदोपत्री १० आले असे होऊन बसते.

यावर उपाय ऑर्डर टाकण्याआधीच करायचा असतो. घेणाऱ्या कार्यालयाकडून लेखी संमती घ्या: अधिकाऱ्याचे पदनाम, माल ठेवण्याची जागा, आणि नोंद कोणाच्या नोंदवहीत होणार. नोंद दोन्हीकडे झाली तर लेखापरीक्षेत एकच वस्तू दोनदा दिसते. कुठेच झाली नाही तर ती वस्तू कधी हरवली हेही कळत नाही.

खाते विभागले गेले किंवा नवे कार्यालय झाले, तर जुना साठा कसा वाटायचा?

धारबांदोडा तालुका झाला, पेयजल खाते बांधकाम खात्यातून वेगळे झाले. असे बदल गोव्यात होतच राहतात, आणि आदेशात कर्मचारी व पदे नीट लिहिलेली असतात, पण कपाटे, पंप, पाइप आणि मीटर यांच्याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते.

आमचे मत स्पष्ट आहे: काम गेले तिकडे हत्यार जावे. पाण्याच्या दुरुस्तीचे काम ज्या खात्याकडे, व्हॉल्व्ह आणि गळती शोधण्याचे यंत्र त्या खात्याकडे. दोन्हीकडे लागणाऱ्या वस्तू, म्हणजे फोटोकॉपी मशीन, जनरेटर, जीप, यांची वाटणी कामाच्या प्रमाणात करावी आणि ती परिशिष्ट म्हणून विभाजनाच्या आदेशाला जोडावी. परिशिष्ट नसेल तर विभाजनानंतर पहिल्या तीन महिन्यांत ते करून घ्या. त्यानंतर माणसे बदलतात आणि कोणालाच काही आठवत नाही.

जुनी दस्तऐवजांची दप्तरे मात्र वाटणीचा माल नव्हे. ती ज्या गावांची आहेत त्या गावांच्या कार्यालयात जातात. यादी करून, पाने मोजून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन मगच हलवा.

संयुक्त तपासणी कशी करायची?

वाद मिटवण्याचे सगळ्यात उपयोगी साधन हेच. दोन्ही कार्यालयांतून एकेक राजपत्रित अधिकारी, एकेक स्टोअरकीपर, आणि शक्य असेल तर लेखा विभागाचा एक माणूस. तारीख आठवडाभर आधी लेखी कळवा. समोरचा आला नाही तर दुसरी तारीख द्या. तरीही आला नाही तर दोन साक्षीदारांसमोर तपासणी करा आणि अहवालात तसे नोंदवा.

तक्त्यात हे रकाने हवेत: वस्तूचे नाव, कंपनी आणि मॉडेल, यंत्रावरचा अनुक्रमांक, पुरवठा आदेशाचा क्रमांक व तारीख, साठा नोंदवहीचे पान, सध्याची जागा, स्थिती, आणि शेवटी दोन वेगळे रकाने, पहिल्या खात्याचे म्हणणे आणि दुसऱ्या खात्याचे म्हणणे. ‘टेबल, १२ नग’ असे लिहू नका. प्रत्येक नगाला ओळ द्या, कारण १२ पैकी ४ एका योजनेतून आणि ८ दुसऱ्या योजनेतून आलेले निघतात.

यंत्राचा अनुक्रमांक खोक्यावरून घेऊ नका, यंत्रावरूनच वाचा. खोकी बदललेली असतात. संगणकाचा डबा आणि मॉनिटर यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, यूपीएसचा तिसरा. फोटो काढताना अनुक्रमांकाची पट्टी आणि भिंतीवरचा खोली क्रमांक असे दोन्ही टिपा.

तपासणी झाली की तिथेच सह्या घ्या. ‘अहवाल टाइप करून पाठवतो’ म्हणून उठलेली तपासणी सहसा पूर्ण होत नाही. हाताने लिहिलेला, खाडाखोडीजवळ दोघांची सही असलेला कागद चालतो. वित्तीय नियम २१३ प्रमाणे साठ्याची प्रत्यक्ष तपासणी वर्षातून किमान एकदा करायचीच असते, म्हणून मागच्या वर्षांचे तपासणी अहवाल सोबत घेऊन बसा. एखादी वस्तू कोणत्या वर्षी कोणाच्या यादीतून गळाली हे त्यावरून लगेच सापडते.

वाद मिटेपर्यंत माल वापरायचा की सील करायचा?

वापरायचा. सील करणे हा बहुतेक वेळा सगळ्यात वाईट पर्याय असतो. जून ते सप्टेंबर गोव्यात बंद खोलीतली हवा इतकी दमट असते की छापील नमुने चिकटतात, प्लायवुडची कपाटे फुगतात, विद्युत जोडण्यांवर गंज चढतो. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या चार्ज न करता सहा महिने पडून राहिल्या तर त्यातल्या बऱ्याच पुन्हा उभ्या राहत नाहीत. लॅपटॉपची वॉरंटी खोके उघडले नाही म्हणून थांबत नाही. औषधांना मुदत आहे आणि ती कोणाच्याही फाईलसाठी वाढत नाही.

दोन्ही खात्यांनी एक पानाची तात्पुरत्या वापराची पावती करावी: कोण वापरणार, कुठे, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, परत करायची तारीख, आणि ‘या वापरामुळे कोणत्याही पक्षाच्या हक्काला बाधा येणार नाही’ हे वाक्य. ते वाक्य असले की समोरचा निर्धास्त होतो. औषधांसाठी तर थांबूच नका. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वाटा, हिशेब नंतर जुळवता येतो. जनरेटर कोणीच वापरत नसेल तरी महिन्यातून एकदा भार देऊन चालवा.

फाईल कशी वर न्यायची?

खातेप्रमुखाने समोरच्या खातेप्रमुखाला आधी अर्धशासकीय पत्र लिहावे, मुद्द्याचे, एका पानाचे. पंधरा दिवसांत उत्तर नसेल तर आपल्या प्रशासकीय सचिवांकडे टिपणी पाठवावी. टिपणीत आधी घटना तारखेनुसार, मग संयुक्त तपासणीचा तक्ता, मग आपले म्हणणे, मग समोरच्याचे म्हणणे जसेच्या तसे, आणि शेवटी आपल्याला नेमका कोणता आदेश हवा आहे ते. शेवटचा मुद्दा अर्ध्याअधिक टिपण्यांत नसतोच. ‘योग्य त्या आदेशासाठी सादर’ असे लिहिले की फाईल प्रश्न विचारत परत येते.

दोन्ही खाती एकाच सचिवाखाली असतील तर तिथेच निकाल लागतो. नसतील तर दोन सचिव आपसांत बोलतात. कायद्याचा अर्थ लावायचा असेल तर कायदा खात्याचे मत घ्या, पैशाचा प्रश्न असेल तर वित्त खात्याचे. तरीही मतभेद राहिला तर मुख्य सचिव, आणि शेवटी कामकाज नियमांप्रमाणे मुख्यमंत्री किंवा मंत्रिमंडळ. कायदा खात्याला पाठवताना मूळ कागदांच्या प्रती जोडा. फक्त पत्रव्यवहार पाठवला तर मतही पत्रव्यवहारावरच येते.

दिलेल्या मालाचे पैसे दुसऱ्या खात्याकडून मागता येतात का?

सरकारी लेखांकन नियम, १९९० मध्ये सेवा खाती आणि व्यावसायिक खाती असा भेद आहे. सेवा खात्याने आपल्या नेहमीच्या कामात येणारा पुरवठा दुसऱ्या खात्याला केला तर सामान्यतः पैसे आकारायचे नाहीत, याला ठरावीक अपवाद आहेत. व्यावसायिक खाते मात्र पैसे आकारते आणि देतेही. आकारणी बसत असेल तर ती चेकने न होता पुस्तकी समायोजनाने, म्हणजे हिशेबातच एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात रक्कम दाखवून, होते. त्यासाठी दोन्ही लेखाशीर्षे आणि घेणाऱ्या खात्याची लेखी मान्यता लागते. मान्यता न घेता पाठवलेले समायोजन परत येते, आणि ३१ मार्च उलटला तर त्या वर्षीची तरतूदही गेली.

वीज आणि पाण्याच्या जुन्या थकबाकीचे काय?

आधी मीटर कोणाच्या नावावर आहे ते पाहा. कार्यालय हलते, मीटर जुन्याच नावावर राहतो आणि नव्या कार्यालयाची बिले जुन्याच्या खात्यावर चढत जातात. हलवल्याच्या दिवशी दोघांनी मिळून रीडिंग घ्या, फोटो काढा, वीज खात्याच्या उपविभागाला लेखी कळवा.

वीज कायदा, २००३ च्या कलम ५६(२) प्रमाणे रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, मात्र ती बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवलेली असेल तर येते. म्हणून वाद घालण्याआधी मागची बिले काढून थकबाकीचा रकाना महिन्यामहिन्याने तपासा. महामंडळे आणि पंचायती ग्राहक म्हणून ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊ शकतात.

जिल्हाधिकाऱ्यांनी आमची गाडी किंवा जनरेटर नेला. आम्ही नाही म्हणू शकतो का?

कोणत्या कायद्याखाली नेला ते आदेशावर पाहा. निवडणुकीसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १६० आहे, आपत्तीसाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६५. दोन्हींत अधिग्रहणाचा अधिकार खरा आहे, पण तो वापरापुरता आहे. मालकी बदलत नाही. देताना चलन करा: किलोमीटर किंवा तासांचे मीटर रीडिंग, डिझेलची पातळी, स्टेपनी, जॅक, टूलकिट. परत घेताना तीच यादी समोर ठेवा. पुरानंतर जनरेटर परत येतो, पण केबल आणि चेंजओव्हर स्विच येत नाहीत, कारण ते चलनावर लिहिलेलेच नसतात.

महामंडळाशी वाद असेल तर किती दिवस हातात असतात?

राज्य सरकारच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद ११२ ३० वर्षे देतो. सरकारी कंपनीला ही सवलत नाही, तिला इतरांसारखीच, मालाच्या किमतीसाठी साधारण ३ वर्षे. त्यामुळे महामंडळाच्या लेखा विभागाने गाफील राहू नये. मुदत संपण्याआधी समोरच्याने थकलेली रक्कम सहीनिशी लेखी मान्य केली, तर कलम १८ प्रमाणे मुदत नव्याने सुरू होते, म्हणून दर मार्चला शिल्लक मान्यतेचे पत्र सहीसह घ्या.

सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. हा काळ मुदतीतून वगळला जातो. वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि ३ लाख रुपये किंवा त्याहून मोठा असेल, तर तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसल्यास आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सरकार पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोडीसाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचेही कर्तव्य आहे, असे त्याच संहितेचा आदेश २७, नियम ५-ब सांगतो. ती मध्यस्थी मनापासून करा. दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी शेवटी जनतेच्याच पैशातून जाते.

समोर केंद्राची संस्था असेल तर?

केंद्र सरकार आणि राज्य यांच्यातला वाद संविधानाच्या कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो, पण मालाच्या साध्या वादाला ते दार उघडत नाही. गंडक प्रकल्पासाठी मागवलेले लोखंड आणि पोलाद कमी भरले म्हणून बिहार राज्याने रेल्वेची मालक म्हणून केंद्रावर आणि हिंदुस्थान स्टील या सरकारी कंपनीवर दावे लावले होते. कंपनी पक्षकार असलेला असा वाद कलम १३१ मध्ये बसत नाही, असा निकाल लागला.

रेल्वेने माल कमी पोचवला तर रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १०६ प्रमाणे माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत लेखी दावा करावा लागतो. मडगावला वॅगन उतरवताना वजन कमी भरले, तर त्याच दिवशी नोंद आणि लगेच नोटीस.

केंद्रीय उपक्रमांच्या, म्हणजे केंद्राच्या मालकीच्या कंपन्यांच्या, व्यावसायिक वादांसाठी २०१८ पासून प्रशासकीय यंत्रणा आहे. राज्याचे खाते समोर असेल तर या यंत्रणेच्या समितीत राज्याच्या मुख्य सचिवांनी नेमलेला वरिष्ठ अधिकारीही बसतो. रेल्वे, आयकर, सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्काचे वाद त्यात येत नाहीत. १९९१ च्या ओएनजीसी प्रकरणापासून चालत आलेली, कोर्टात जाण्याआधी तेव्हाच्या वेगळ्या समितीची परवानगी घेण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मागे घेतली. जुन्या टिपण्यांत ती अजून दिसते, ती उतरवू नका.

पोलिसांत तक्रार द्यावी का?

माल कोणाचा हा वाद असेल तर नाही. माल सापडतच नसेल तर वेगळी गोष्ट. तेव्हा आधी वित्तीय नियम ३३ प्रमाणे वरिष्ठांना आणि महालेखापालांना नुकसानीचा अहवाल द्या, आणि अफरातफरीचा संशय असेल तर तक्रारही द्या. लोकसेवकाने केलेला विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) खाली येतो.

लेखापरीक्षक वादातल्या मालाबद्दल विचारतात. काय दाखवायचे?

सगळे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्यातील कलम १७ त्यांना कोणत्याही कार्यालयातील साठ्याचे लेखे तपासण्याचा अधिकार देते. ‘वाद प्रलंबित’ असे सांगून नोंदवही लपवू नका. वस्तूसमोर शेरा लिहा: अमुक खात्याचा दावा, फाईल क्रमांक, संयुक्त तपासणीची तारीख. असा शेरा असेल तर आक्षेप सहसा सौम्य राहतो.

निर्णय झाला. आता फाईल बंद करायची का?

अजून नाही. ज्याच्याकडून माल गेला त्याच्या नोंदवहीत जावक आणि ज्याच्याकडे आला त्याच्या नोंदवहीत आवक, दोन्हीकडे एकाच आदेशाचा क्रमांक आणि तारीख. वाहन असेल आणि मालक बदलत असेल तर आरटीओकडे नमुना २९ आणि ३०, विमा असल्यास त्यावरचे नाव, पेट्रोल पंपावरची उधारीची मंजुरी. यंत्र असेल तर कंपनीच्या सेवा केंद्राला वॉरंटीसाठी नवा पत्ता, आणि देखभालीचा वार्षिक करार कोण चालवणार ते. यंत्रावर रंगवलेले जुन्या खात्याचे नाव खरवडून नवे नाव आणि नोंदवहीचे पान लिहून घ्या. शेवटी अनुपालनाचे पत्र दोन्ही सचिवांना आणि, आक्षेप आला असेल तर, पर्वरीच्या महालेखापाल कार्यालयाला. तिथून आक्षेप निकाली निघाल्याचे उत्तर आले की मग फाईल रेकॉर्ड रूमला पाठवा.